चुकीचे पर्याय कुठून आणायचे? मराठी शिकणाऱ्या मुलांसाठी ऑनलाइन खेळ तयार करताना

नवी मुंबईतील केंद्रीय मंडळाच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी सहावी ते आठवीच्या वर्गांना मराठी शिकवते. राज्याच्या 2020 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या आणि सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला आणि 2020-21 पासून पहिली व सहावी या इयत्तांपासून तो टप्प्याटप्प्याने लागू होत गेला. त्यामुळे माझ्या वर्गात घरी हिंदी, गुजराती, तमिळ, मल्याळम, बंगाली बोलणारी मुले एकाच बाकांवर बसून मराठी शिकतात आणि त्यांच्या जोडीला, घरी मराठीच बोलणारी पण देवनागरी अडखळत वाचणारी मुलेही असतात. या सगळ्यांना आठवड्याच्या मोजक्या तासिकांत भाषेचा पुरेसा सराव मिळणे अशक्य होते, म्हणून मी ऑनलाइन खेळ आणि प्रश्नमंजूषा तयार करू लागले. त्या कामात काय काय करावे लागते, कोणत्या गोष्टीला खरा वेळ द्यावा लागतो आणि तयार साधने मराठीच्या बाबतीत कुठे अपुरी पडतात, हे इतर भाषाशिक्षकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे लिहीत आहे.

प्रश्नमंजूषा म्हणजे परीक्षेचे छोटे रूप, असा पालकांचा समज असतो. मी मात्र तिच्याकडे शिकण्याचे साधन म्हणून पाहते, आणि त्यामागे कारण आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि काहींनी तो एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून लिहिणाऱ्यांना अधिक लक्षात राहिले होते. भाषेच्या तासाला हा फरक मला नेहमी दिसतो. धडा तीनदा वाचून घेतला की मुलांना तो आल्यासारखा वाटतो, आणि पुढच्या आठवड्यात त्यातला एकही शब्द वाक्यात वापरता येत नाही. आठवण्याचे कष्ट मुलांनी आनंदाने घ्यावेत, एवढ्यासाठी खेळ.

खेळ तयार करायला बसण्याआधी मी वह्या गोळा करते. निबंध, चिठ्ठ्या, उत्तरपत्रिका यांतील चुका मी एका वेगळ्या वहीत उतरवून घेते आणि प्रत्येक चुकीपुढे त्या मुलाची घरची भाषा लिहिते. माझ्या सगळ्या प्रश्नमंजूषांचा कच्चा माल ही वहीच आहे. बहुपर्यायी प्रश्नात बरोबर उत्तर लिहायला काहीच लागत नाही. सगळी विद्या चुकीच्या पर्यायांत असते. चुकीचा पर्याय कोणीही चुकून निवडणार नाही असा असेल तर प्रश्न वाया जातो, आणि उगाच फसवणारा असेल तर मुलाचा उत्साह जातो. मुलाने स्वतःच्या वहीत खरोखर केलेली चूक पर्याय म्हणून समोर आली, तरच तो क्षणभर थांबून विचार करतो.

लिंगाचेच उदाहरण घेते, कारण मराठी शिकणाऱ्याला सर्वांत जास्त दमवणारी गोष्ट हीच आहे. ‘___ पुस्तक टेबलावर आहे’ असा प्रश्न आणि ‘माझा, माझी, माझे’ असे तीन पर्याय. हिंदी बोलणारी मुले इथे बहुधा ‘माझी’ निवडतात, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे. तीच मुले ‘दही’ आणि ‘घर’ यांपुढे ‘माझा’ लावतात, कारण हिंदीत हे शब्द पुल्लिंगी आहेत आणि नपुंसकलिंग तर हिंदीत नाहीच. गुजराती मुलांना गुजरातीतही तीन लिंगे असल्यामुळे ‘माझे पुस्तक’ चटकन साधते. बंगालीत व्याकरणिक लिंग नाही. त्या घरातली मुले उत्तर अंदाजाने देतात आणि एकच शब्द एकदा बरोबर, एकदा चूक असे होत राहते. म्हणजे वर्गाच्या निकालात ‘माझी’ या पर्यायापुढे जो आकडा दिसतो, त्यात हिंदीच्या सवयीने ठामपणे चुकलेली मुले असतात आणि काहीच अंदाज न आलेली मुलेही असतात. दोघांना वेगळी मदत लागते.

हे लक्षात आल्यावर मी एकाच शब्दाचा एकच प्रश्न विचारणे सोडून दिले. आता प्रत्येक शब्द त्या खेळात तीन वेगवेगळ्या ठिकाणी येतो: एकदा ‘तो, ती, ते’ यांबरोबर, एकदा ‘माझा, माझी, माझे’ यांबरोबर, आणि एकदा क्रियापदाबरोबर, जसे ‘दही सांडला, सांडली, सांडले’. तिन्ही ठिकाणी एकाच दिशेने चुकलेल्या मुलाला त्याच्या भाषेशी तुलना करून समजावता येते, आणि तिन्ही ठिकाणी वेगवेगळे उत्तर देणाऱ्याला तो शब्द लिंगासह नव्याने द्यावा लागतो. चुकीच्या उत्तरानंतर दिसणारा मजकूरही यामुळे बदलला. गुगल फॉर्म्समध्ये बरोबर उत्तरासाठी एक आणि चूक उत्तरासाठी एक असा अभिप्राय लिहिता येतो. एचफाइव्हपी या, खेळ आणि प्रश्नमंजूषा तयार करण्याच्या मुक्त साधनात मात्र प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र अभिप्राय जोडता येतो, आणि माझ्या कामासाठी ही सोय सर्वांत मोलाची ठरली. ‘माझी पुस्तक’ निवडणाऱ्याला तिथे लगेच दिसते: ‘हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे. मराठीत आपण ते पुस्तक म्हणतो, म्हणून माझे पुस्तक.’ नुसते ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच वाचून बारा वर्षांचे मूल काय शिकणार?

हल्ली प्रश्न क्षणात लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सहज मिळतात आणि मी ती वापरून पाहिली आहेत. वाक्ये साधारण नीट येतात, तरी प्रत्येक वाक्य डोळ्यांत तेल घालून तपासावे लागते. अडते ते पर्यायांवर. त्यांना माझ्या वर्गातला मुलगा ‘पाणीत’ का लिहितो हे ठाऊक नसते, म्हणून चुकीचे पर्याय कसेही येतात. वाक्यांचा कच्चा साठा म्हणून त्यांचा उपयोग जरूर करावा. पर्याय मात्र वहीतूनच घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘पाणीत’वरून सामान्यरूपांकडे येते. विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामात होणारा बदल आपल्याला जन्मापासून अंगवळणी पडलेला असतो, त्यामुळे तो शिकवायचा असतो हेच मुळात सुचत नाही. घोडा, घोड्याला, शाळा, शाळेत, पाणी, पाण्यात, भाऊ, भावाला, फूल, फुलाला. इथे बहुपर्यायी प्रश्नापेक्षा वर्गीकरणाचा खेळ जास्त उपयोगी पडतो. पडद्यावर चार टोपल्या असतात, प्रत्येकीवर एकेक नमुना लिहिलेला असतो, आणि मुले ‘रस्ता’, ‘भाषा’, ‘लोणी’, ‘दूध’ असे शब्द ओढून योग्य टोपलीत टाकतात. नियम मी आधी सांगत नाही. ‘रस्ता’ घोड्याच्या टोपलीत गेला आणि ‘भाषा’ शाळेच्या टोपलीत गेली की, दोन्ही शब्द आकारान्त असूनही वेगळे का वागले हा प्रश्न मुलेच विचारतात, आणि मग लिंगाचा आणि सामान्यरूपाचा संबंध त्यांच्या तोंडून बाहेर येतो. ‘दूध’ फुलाच्या टोपलीत टाकताना तर शुद्धलेखनही आपोआप शिकवले जाते, कारण ‘दुधात’ लिहिताना दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम पाठ करून घेण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक खात्रीचा वाटतो.

यानंतर मुलांनी उत्तर निवडण्याऐवजी स्वतः टंकित करावे असे खेळ करायला घेतले, आणि इथे संगणक देवनागरीकडे कसा पाहतो हे समजून घ्यावे लागले. ‘मराठी’ हा शब्द आपल्या लेखी तीन अक्षरांचा आहे. संगणकाच्या लेखी तो म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा पाच चिन्हांचा आहे. ‘विद्यार्थी’ आपल्यासाठी तीन अक्षरे आणि संगणकासाठी दहा चिन्हे. रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या शब्दकोड्याच्या किंवा अक्षरजुळणीच्या साधनात मराठी शब्द घातला की काना एका चौकोनात, वेलांटी दुसऱ्या चौकोनात आणि मोडका हलन्त तिसऱ्यात असे विचित्र दृश्य दिसते. ज्या मुलाला ‘द्या’ हे जोडाक्षर अजून ओळखता येत नाही, त्याच्यासमोर ते अशा रीतीने फोडून ठेवणे मला अजिबात मान्य नव्हते.

शाळेतील संगणकाच्या शिक्षिकेशी बोलल्यावर वाट सापडली. संगणकावर सगळ्या लिपी लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या युनिकोडच्या प्रमाणात, वाचणाऱ्याला एक वाटणारे अक्षर कोणते हे ठरवण्याचे नियम आहेत आणि 2023 च्या 15.1 या आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षरेही त्यांत एकसंध मानली जातात; ब्राउझरमध्येच उपलब्ध असलेल्या सोयीने शब्द त्या नियमांप्रमाणे तोडता येतो. त्यांनी एक छोटे वेबपान लिहून दिले. त्यात मी शब्द घालते आणि ‘वि’, ‘द्या’, ‘र्थी’ अशा फरशा मिळतात. मुले त्या सरकवून शब्द जुळवतात. तयार साधनांतली रंगीबेरंगी सजावट त्यात नाही, आवाज नाहीत, तरीही सहावीच्या वर्गात सर्वांत जास्त मागणी याच खेळाला असते.

टंकित उत्तरांची दुसरी अडचण अधिक छुपी होती. एका साधनात ‘दऱ्या’ हे उत्तर अपेक्षित होते आणि अचूक लिहिणाऱ्या काही मुलांना चूक मिळत होती. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसत होते. कारण असे, की ‘ऱ्य’ हे अक्षर वेगवेगळे कळफलक वेगवेगळ्या रीतीने तयार करतात: कुणी त्यासाठी असलेले स्वतंत्र ‘ऱ’ वापरतो, कुणी साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरतो. संगणकाने चिन्हे जुळवून पाहिली आणि ती जुळली नाहीत. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत डोंगर आणि समुद्राइतके अंतर असल्यामुळे हे उत्तर शिथिल करून चालण्यासारखे नव्हते. आता अशा प्रत्येक शब्दाची संभाव्य रूपे मी उत्तरात आधीच लिहून ठेवते. एचफाइव्हपीच्या रिकाम्या जागा भरण्याच्या प्रकारात उत्तर दोन तारकांच्या मध्ये लिहायचे आणि पर्यायी रूपे तिरक्या रेघेने वेगळी करायची असतात, त्यामुळे हे काम सोपे होते. ‘माझे’ आणि ‘माझं’ अशी दोन्ही रूपेही मी याच पद्धतीने स्वीकारते, कारण मुले वर्गात एक ऐकतात आणि पुस्तकात दुसरे वाचतात; बोलण्यातले रूप लिहिले म्हणून गुण कापणे मला अन्यायाचे वाटते.

आवाजाच्या खेळांना मी फार वेळ दिला आणि त्याचे मला समाधान आहे. ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘काल’ आणि ‘काळ’, ‘बाल’ आणि ‘बाळ’ अशा जोड्या ऐकून योग्य चित्र किंवा शब्द निवडायचा असा हा खेळ आहे. हिंदीभाषक मुलांच्या कानाला सुरुवातीला फरकच कळत नाही. तमिळ, मल्याळम आणि गुजराती मुलांच्या भाषेत ‘ळ’ असल्यामुळे ती इथे पहिल्या दिवसापासून पुढे असतात. एरवी मराठीच्या तासाला मागे बसणारी तमिळभाषक मुलगी या खेळात संपूर्ण वर्गाला ‘ळ’ म्हणून दाखवते, तेव्हा तिच्या घरची भाषा वर्गात सन्मानाने येते. दुसरा खेळ ‘च’चा. ‘चंद्र’, ‘चार’, ‘चिमणी’ यांतला तालव्य ‘च’ आणि ‘चाक’, ‘चोर’, ‘चूल’ यांतला दन्ततालव्य ‘च’ लिपीत सारखेच दिसतात, म्हणून वाचून हा फरक कधीच येणार नाही. तो ऐकवावाच लागतो. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला ‘झ’ बदलतो हे तर मराठी मुलांनाही सांगेपर्यंत जाणवत नाही.

ध्वनिमुद्रण मी घरी, सकाळी लवकर, पंखा बंद करून फोनवरच करते. पण एकाच आवाजाची सवय लागली तर मुले शब्दाऐवजी माझी लकब ओळखू लागतात. म्हणून कोल्हापूरकडच्या एका सहकारी शिक्षकांचा आणि शाळेत काम करणाऱ्या, मूळच्या रत्नागिरीच्या मावशींचाही आवाज घेतला. मावशींनी ‘चूल’ हा शब्द म्हटला आणि त्याच्याच जोडीने चुलीबद्दल दोन वाक्येही सांगितली. ती दोन्ही वाक्ये मी तशीच श्रवणाच्या प्रश्नात ठेवली आहेत. चित्रांच्या बाबतीतही हाच धडा लागू पडतो. तयार चित्रसंग्रहात ‘भांडी’ शोधले तर परदेशी स्वयंपाकघर समोर येते. पळी, झारा, उलथणे, चिमटा यांचे फोटो मी स्वतःच्या ओट्यावर काढले, आणि त्यामुळे परवानगीचाही प्रश्न उरला नाही.

वेळेचा मुद्दा थोडक्यात सांगते. कहूट किंवा क्विझिझ (बंगळुरूमध्ये सुरू झालेले आणि 2025 पासून वेग्राउंड या नावाने ओळखले जाणारे साधन) यांसारख्या प्रश्नमंजूषेच्या साधनांत घड्याळ आणि क्रमवारी यांचे मोठे आकर्षण असते. देवनागरी सावकाश वाचणाऱ्या मुलासाठी ते घड्याळ भाषेची परीक्षा न घेता वाचनाच्या वेगाची परीक्षा घेते. उत्तर येत असूनही प्रश्न वाचून होईपर्यंत वेळ संपते, आणि काही दिवसांनी मूल न वाचताच रंगीत चौकोन दाबू लागते. नवीन घटकासाठी मी घड्याळ पूर्ण बंद ठेवते, प्रश्न मोठ्याने वाचून दाखवते, आणि उजळणीच्या दिवशी, तेही गटागटाने, घड्याळ लावते. गटात सावकाश वाचणाऱ्याला शेजारचा मदत करतो आणि खेळाची चुरसही टिकते.

आमच्या शाळेत मुलांना फोन आणता येत नाही आणि संगणक कक्ष आठवड्यातून एकदाच मिळतो. म्हणून वर्गात प्लिकर्सची छापील कार्डे वापरते: मूल कार्ड ज्या बाजूने वर धरते तो त्याचा पर्याय, आणि मी एकटीच माझ्या फोनच्या कॅमेऱ्याने संपूर्ण वर्ग टिपते. शेजाऱ्याला आपले उत्तर कळत नाही, त्यामुळे लाजरी मुलेही निर्धास्तपणे कार्ड उचलतात. संगणक कक्षातले इंटरनेट भरवशाचे नसल्याने एचफाइव्हपीचे खेळ लुमी या मोफत संपादकातून एका फाइलमध्ये काढून प्रत्येक यंत्रावर आधीच ठेवून देते. घरी सोडवायचे असेल ते गुगल फॉर्मवर, आणि रात्री आठनंतर पाठवते, कारण बहुतेक घरांत पालकांचा फोन त्या वेळीच मोकळा होतो.

अमेरिकेतील एका मराठी शाळेत रविवारी शिकवणारी माझी मैत्रीण हेच खेळ तिच्या वर्गासाठी घेऊन गेली. तिच्या मुलांना आजी-आजोबांचे बोलणे सगळे कळते, लिंगाच्या चुका पुष्कळ कमी होतात, पण वाचन जवळजवळ नाही. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे नेमके उलटे आहे: हिंदीमुळे देवनागरी त्यांच्या परिचयाची, मराठी अपरिचित. म्हणून तिने माझे लिखित प्रश्न ध्वनिमुद्रित करून घेतले आणि पर्यायांत शब्दांऐवजी चित्रे घातली; अक्षरांच्या फरशांचा खेळ मात्र तिने आहे तसा ठेवला आणि तिच्याकडे तो माझ्यापेक्षाही जास्त चालला. शिकणारा बदलला की तोच खेळ पुन्हा उलगडून शिवावा लागतो, हे तिच्यामुळे मला प्रत्यक्ष पाहायला मिळाले.

यंदा आठवीच्या मुलांना सहावीसाठी प्रश्न तयार करायला सांगितले आहे. अट एकच: प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे, तो कोण आणि का निवडेल, हे एका ओळीत लिहायचे. मल्याळमभाषक घरातल्या एका मुलीने ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांवर प्रश्न केला: ‘टीचर, ___ उद्या सगळे मिळून सहलीला जाऊया.’ ‘आम्ही’ या पर्यायापुढे तिने लिहिले होते, ‘हिंदी बोलणारे हा निवडतील, कारण त्यांना दोन्हींसाठी हम एकच आहे, आमच्या भाषेत ऐकणाऱ्याला धरून एक शब्द आणि वगळून दुसरा शब्द आहे, म्हणून मला हे लगेच कळले.’ ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा खेळ माझ्या यादीत बरेच दिवस होता आणि त्याचे पर्याय मला मनासारखे जमत नव्हते. तिचा प्रश्न पहिला ठेवून आता तो तयार होतो आहे, आणि त्यातली पुढची वाक्ये तिने व तिच्या बाकावरच्या हिंदीभाषक मैत्रिणीने मिळून लिहायची, असे ठरले आहे.